प्रकल्प नोंदी: आधी वाचायचं, मग यादीत घालायचं

४ मे २०२५, रविवार

आजपासून नोंदी सुरू. काम काय ते आधी लिहून ठेवते म्हणजे मागाहून सामील होणाऱ्यांना कळेल. गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं आमचं गावचं वाचनालय, यंदाची पुस्तकखरेदी विक्रेत्याच्या छापील यादीवर खुणा करून करायची नाही. आत्तापर्यंत तेच व्हायचं, मार्चअखेर खोका यायचा, त्यात निम्मी यशस्वी कसं व्हावं छापाची पुस्तकं, अनुदान खर्ची पडलं की सगळे मोकळे, शिक्के मारून पुस्तकं कपाटात आणि कपाटाला कुलूप. मला हे बघवत नाही म्हणून हा खटाटोप. नियम एकच, की पुस्तक आमच्यातल्या निदान दोघांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं पाहिजे, आणि खरेदी झाली की मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कार्ड चिकटवायचं ज्यावर वाचणाऱ्याचं खरं मत असेल, कुठं कंटाळा आला तेसुद्धा. "वाचनीय", "संग्राह्य" हे शब्द कार्डावर चालणार नाहीत.

पहिल्या फेरीची पुस्तकं बहुतेक कादंबऱ्याच आहेत आणि बऱ्याचशा काहीतरी हातातून जाण्याच्या आहेत, गाव, धंदा, देव. हे ठरवून झालं नाही, प्रत्येकाने जे सुचवलं ते तसंच निघालं. काही प्रती पणजीहून पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून आणल्यात (१८३२ पासूनची संस्था आहे ती, आमच्या पोरांना एकदा दाखवायला न्यायचंय), काही एकमेकांच्या घरातून.

७ मे

'रिंगाण', कृष्णात खोत. २०२३ चा साहित्य अकादमी. धरणामुळे गाव उठलेलं, माणसं दुसरीकडे नेऊन बसवलेली, मागं राहिलेल्या म्हशी मोकळ्या राहून रानवट झालेल्या आणि देवाप्पा म्हैस आणायला परत त्या जुन्या मुलखात जातो. गोष्ट म्हणावी तर एवढीच. पण काय लिहिलंय! माणूस आणि जनावर समोरासमोर, कोण कुणाला ओळखतंय, कोण कुणाचं आता राहिलेलं नाही, हे सगळं चालण्यातून, वासातून, दगडाधोंड्यातून येतं, कुठंही लेखक मधे येऊन विस्थापनाचे प्रश्न समजावून सांगत नाही. ज्याने म्हैस जवळून बघितलीये, तिचं अंग कसं आखडतं, कान कधी फिरतात, त्यानेच हे लिहावं.

आता तक्रार. सुरुवातीची बरीच पानं मला जड गेली. पन्हाळा-कोल्हापूरकडची बोली आहे, आमच्या कानाला ती सवयीची नाही, घरात कोंकणी आणि वाचायला पुस्तकी मराठी अशी आमची सगळ्यांची वाढ, त्यामुळे दोनदा पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं. वहिनीने तर ठेवलंच. तिला सांगितलं मोठ्याने वाच, स्वयंपाकघरात बसून वाच, आणि खरंच मोठ्याने वाचल्यावर ती भाषा उलगडते, कारण ती बोलणाऱ्याची आहे. कार्डावर हे लिहायचंच: पहिली पानं मोठ्याने वाचा.

मधे एका टप्प्यावर तेच तेच होतंय असंही वाटलं, माणूस फिरतोय, आठवतोय, पुन्हा फिरतोय. माझं मत, थोडं आवरलं असतं तर चाललं असतं. तरी यादीत एक नंबर.

११ मे, रविवार

कुर्डीला जाऊन आलो. साळावली धरणाचं पाणी उतरलं की मे महिन्यात बुडालेला गाव वर येतो हे गोव्यात सगळ्यांना माहीत, हल्ली फोटो काढायला गाड्या भरभरून लोक येतात. आम्ही गेलो ते शेजारच्या काकांबरोबर, ते मूळचे तिथले, धरणाच्या वेळी घरचे सगळे वाडे या गावी येऊन राहिले. मुद्दाम सांगते की मी त्यांना 'रिंगाण' आठवड्याभरापूर्वीच दिलेलं, आणि त्यांनी माझ्याआधी संपवलं.

सोमेश्वराच्या देवळाकडे पाया पडून झाल्यावर काका त्यांच्या घराच्या चौथऱ्यावर गेले. चिरे उघडे पडलेत, वरती वाळलेल्या गाळाच्या भेगा, माडांचे नुसते बुंधे काळे पडून उभे, भात कांडायचा दगडी वान जमिनीत तसाच. काकांनी उंबरा कुठं होता ते पायाने दाखवलं, मग खोल्या, मग गोठा. गोठ्याच्या जागेवर थांबून ते जे बोलले ते मी घरी आल्या आल्या लिहून घेतलं: "गुरां आमी व्हेलीं गो, पुण पयल्या वर्सा तीं सांजे परतून हांगाच येवपाक भायर सरतालीं." संध्याकाळ झाली की दावं तोडून जुन्या वाटेला लागायची, आणि माणसांना ती आणायला परत पाण्याच्या काठापर्यंत यावं लागायचं.

म्हणजे कोल्हापूरकडच्या लेखकाने लिहिलेलं सांग्यातल्या माणसाला शब्दन् शब्द पटतं. मी विचारलं पुस्तक कसं वाटलं तर म्हणाले देवाप्पाचं बरोबर आहे पण लेखकाने बायकांचं कमी लिहिलंय, नव्या जागेत विहीर आटली की सगळ्यात आधी बाईला कळतं. हे मत माझ्या लक्षात आलंच नव्हतं. त्यांचं कार्ड वेगळं, माझं वेगळं, दोन्ही चिकटवणार.

१८ मे

'झाडाझडती', विश्वास पाटील, १९९१. विषय परत धरण आणि उठलेली माणसं, म्हणून 'रिंगाण'च्या पाठोपाठ घेतलं. जाडजूड आहे. याला १९९२ चा अकादमी मिळालेला, आमच्या वडिलांच्या पिढीने डोक्यावर घेतलेली कादंबरी, त्यामुळे तिच्याबद्दल वाकडं बोललं की मोठी माणसं लगेच सरसावून बसतात. बोलतेच.

हिची ताकद आहे ती कागदात. नोटीस कशी येते, मोजणी कशी होते, मोबदला कुणाच्या नावावर निघतो, पर्यायी जमीन कागदावर एक आणि शेतात भलतीच, ऑफिसच्या पायऱ्या झिजवताना माणूस कसा कणाकणाने मोडतो. लेखक स्वतः सरकारी अधिकारी होते, आतून बघितलेलं आहे ते, आणि ते इतकं तपशिलात आहे की वाचताना हात थरथरतो. आमच्याकडे सातबाऱ्याच्या जागी फॉर्म १ आणि १४, बाकी फरक काही नाही. काकांनी ही कादंबरी वाचताना दोनदा उठून जाऊन आपली जुनी फाईल काढली असं काकी सांगत होती.

पण लेखक वाचकावर विश्वास टाकत नाहीत. संकटावर संकट, वाईट माणूस एवढा वाईट की तो आला की पुढचं कळतंच, आणि दुःखाच्या जागी भाषा इतकी चढते की मी मनाने जरा मागे सरकते. 'रिंगाण'मधे एक म्हैस मान वळवते तिथं मला जे झालं ते इथं अख्ख्या प्रकरणाने झालं नाही. बैठकीत यावर बरंच वाजलं. माजी मुख्याध्यापक म्हणाले की तेव्हा ओरडून सांगायचीच गरज होती, कुणी ऐकतच नव्हतं. त्यांचं म्हणणं मी नोंदवते कारण त्यात तथ्य आहे. तरी पुढच्या वाचकाला मी सांगीन की आधी 'रिंगाण' घे, मग ही.

२४ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच कोसळायला लागला. वाचनालयाच्या मागच्या भिंतीला ओल, खालच्या फळीवरच्या पुस्तकांना बुरशी धरायला सुरुवात. आज वाचन नाही. सगळ्या खालच्या फळ्या रिकाम्या केल्या, पुस्तकं पुसली, डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला ठेवला, कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं. नवीन खरेदीत एक लोखंडी रॅक घालावाच लागेल, पुस्तकांचे पैसे थोडे कमी करून का होईना.

रात्री लाईट नव्हती, बॅटरीवर 'उद्या' (नंदा खरे) वाचायचा प्रयत्न. माणसांवर चोवीस तास नजर ठेवणारा जवळचा भविष्यकाळ, डोकं गरगरावणारी बुद्धी होती या लेखकाकडे, आणि पुरस्कार नम्रपणे नाकारणारा माणूस म्हणून आदर आहेच. पण यातली माणसं मला विचार मांडण्यापुरती उभी केल्यासारखी वाटली, कुणाचं पोट दुखलंय, कुणाला झोप येतेय असं होत नाही. पूर्ण केली, नियम म्हणून. कॉलेजच्या पोरांसाठी एक प्रत घ्यावी, त्यांना आवडेल असा माझा अंदाज आहे, आणि नाही आवडली तर का नाही ते त्यांनी लिहावं.

२ जून

'उसवण', देवीदास सौदागर. छोटं पुस्तक, एका बैठकीत होतं. तुळजापूरचा शिंपी, रेडिमेडच्या लाटेत त्याचं दुकान कसं सुटत जातं त्याची गोष्ट. लेखक स्वतः शिवणकाम करत आलेला माणूस, २०२४ ला अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

हे मी आधी बाजारातल्या टेलरमामांना दिलं. ते काही कादंबऱ्या वाचणारे नव्हेत, दुपारी गिऱ्हाईक नसताना पेपर वाचतात तेवढंच. चार दिवसांनी मी गेले तर पुस्तकात जागोजागी कपड्यावर मारायच्या खडूची निळी खूण, समासात, हलक्या हाताने. मला वाटलं चुका दाखवल्यात. तर म्हणाले, "ना गो बाय, हें बरोबर बरयलां थंय खूण केल्या." म्हणजे जिथं बरोबर लिहिलंय तिथं खूण. काज करताना मान कशी दुखते, एका हातशिलाईला किती वेळ जातो आणि त्याचे पैसे मागायला तोंड कसं उघडत नाही, उधारी मागायला गेलं की माणूस रस्ता कसा बदलतो. खुणा जिथं जिथं होत्या ती सगळी कामाची पानं. भावनेच्या पानांवर एकही खूण नव्हती.

यावर मी फार विचार करतेय. टेलरमामांच्या दुकानात आता निम्मं काम ऑल्टरचं, पॅन्टची उंची कमी कर, चेन बदल, ब्लाऊज उसवून सैल कर. पूर्वी चतुर्थीच्या महिनाभर आधी ते नवीन कापड घ्यायचं बंद करायचे. त्यांची मापांची वही मी बघितली, जाडजूड, घराण्याघराण्याची पानं, एका पानावर आजोबांचं, मुलाचं, नातवाचं माप, नातवाचं पाचवीपर्यंत, पुढं पान कोरं.

कादंबरीची उणीव सांगायची तर विठूच्या, म्हणजे त्या शिंप्याच्या, भोवतीची माणसं पटकन येतात नि जातात, घरातलं बोलणं अजून हवं होतं, शेवटाकडे घाई झालीये. पण काम माहीत असलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक लगेच ओळखू येतं, आणि मला आता असं पक्कं वाटायला लागलंय की आमच्या यादीची कसोटी हीच असावी. ज्या माणसाची गोष्ट आहे त्याच्या हाताला वाचायला द्यायची. शिंप्याची शिंप्याला, धरणग्रस्ताची धरणग्रस्ताला. त्याला पटलं तर घ्यायची.

८ जून

'बाळूच्या अवस्थांतराची डायरी', किरण गुरव, कथा, २०२१ चा अकादमी. खेड्यातून शहरात शिकायला गेलेला मुलगा. छान, नेमक्या, उगाच रडगाणं न गाणाऱ्या कथा. मडगावला होस्टेलवर राहून आलेल्या भाच्याने वाचल्या आणि "हे माझंच आहे" म्हणाला. घेतलं. जास्त लिहायची गरज नाही.

२० जून

परवा यंदाचे युवा पुरस्कार जाहीर झाले, मराठीत प्रदीप कोकरे यांच्या 'खोल खोल दुष्काळ डोळे'ला. लगेच ग्रुपवर मेसेज, यादीत घाला, यादीत घाला. मी म्हटलं, आणा, वाचा, मग घाला. दोघांना राग आला. पुरस्कार मिळालेलं पुस्तक वाचनालयात नसलं तर तपासणीला येणारे काय म्हणतील असं एकाचं म्हणणं. माझं म्हणणं असं आहे की पुरस्कारामुळे पुस्तक आपल्यापर्यंत पोचतं, त्याबद्दल परीक्षकांचे उपकारच आहेत, 'उसवण' आम्हाला एरवी कळलीच नसती. पण वाचायचं काम परीक्षकांनी आपल्यासाठी करून ठेवलेलं नाही. नियम बदललेला नाही, मतदान घेतलं, राहिला.

२९ जून, रविवार

'तांडव', महाबळेश्वर सैल. यावर बोलायला सगळ्यात जास्त माणसं आली, वाचनालयात बसायला जागा पुरली नाही. सोळाव्या शतकातला गोवा, धर्मांतर, इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ला गोव्यात आली ती कायमची बंद झाली १८१२ ला), रात्रीतून देव उचलून नदीपार नेणारी माणसं. हा इतिहास आमच्याकडे घरोघरी तुकड्यातुकड्यांनी सांगितला जातो, आमचा देव मूळचा कुठला, कुठून कुठं आला. मंगेशीचा देव कुशस्थळीहून प्रियोळला आला हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण देव डोक्यावर घेऊन निघताना ज्यांना मागं थांबावं लागलं, शेत सोडता येईना, म्हातारी आई हलवता येईना, त्यांचं काय झालं हे सांगणारं पुस्तक मी आधी वाचलं नव्हतं.

सैलांनी एका बाजूचे देव आणि दुसऱ्या बाजूचे राक्षस असं केलेलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. सत्तेचा जुलूम आहेच, पूर्ण ताकदीने आहे. पण बाटल्याचा नुसता संशय आला की आपलीच माणसं दार कसं लावून घेत होती तेही तितक्याच कठोरपणे आहे. हे वाचून काही जण अस्वस्थ झाले, एकाने उघड विचारलं हे लिहायची काय गरज होती. मी म्हटलं मला तर तीच पानं पुस्तकातली सर्वात खरी वाटली.

आमच्या गटात एक कॅथलिक बाई आहेत, निवृत्त शिक्षिका, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ वाचतात. त्या इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की माझे पूर्वज या पुस्तकात मागं राहिलेल्यांत असणार, त्यांना कुणी भित्रे म्हटलेलं नाही, त्यांना शेत होतं, पोरं होती असं लिहिलंय, मला बरं वाटलं. त्यांच्या कार्डावर हे एवढंच वाक्य जाणार आहे, मी त्यात एक शब्द बदलणार नाही.

दोष: माणसं फार. कोण कुणाचा कोण हे लक्षात ठेवायला मी कागदावर घराणी मांडून घेतली, तोच कागद पुस्तकात ठेवणार. आणि मधल्या भागात एकामागून एक क्रौर्य येत राहतं तेव्हा मन बधिर होतं, दोनतीन दिवस ठेवून परत घेतलं तर वाचवतं. 'झाडाझडती'ला लावलेला निकष इथंही लावला पाहिजे म्हणून लिहिते.

१३ जुलै

आज कोंकणी पुस्तकांचा विषय. सैलांचीच 'हावठण', कुंभारांच्या वस्तीवरची, हिला २०१६ चा सरस्वती सन्मान, आणि दामोदर मावजोंची 'कार्मेलीन'. दोन्ही मूळ कोंकणीत वाचल्या. मराठी वाचनालयाच्या पैशातून कोंकणी पुस्तक का, हा प्रश्न आलाच. आमच्या भागात भाषावादाच्या जखमा जुन्या आहेत, राजभाषा कायदा १९८७ चा पण माणसं अजून त्या दिवसांत जाऊन बोलतात. मला मराठी प्राणापलीकडे प्रिय आहे, आणि म्हणूनच सांगितलं की ज्या भाषेत आपण भाजी आणतो त्या भाषेतली चांगली कादंबरी आपल्या कपाटात नसेल तर ते कपाट अर्धं. दोन्ही देवनागरीत, दोन्ही आमच्या वाचकाला अडखळत का होईना वाचता येतात. मंजूर झालं, एकमताने नाही.

'हावठण' मी गणपती घडवतात त्या चित्रशाळेत बसून वाचली, चतुर्थीची माती आलेली, गोणपाटाखाली ओली ठेवलेली. मातीत बारीक खडा राहिला तर वाळताना तिथंच तडा जातो म्हणून मूर्तिकार बोटांनी सतत चाचपत असतो, बघता बघता काढून टाकतो. सैलांच्या पुस्तकात माती अशीच हाताळलेली आहे, कुठली घ्यायची, किती मळायची, भट्टी कशी रचायची, आणि मग ती विकत घेणारं माणूसच उरलेलं नाही. संथ आहे. ज्याला घडामोडी हव्यात त्याने घेऊ नये. मला संथपणाच भावला कारण धंदा असाच जातो, वर्षं घेत.

'कार्मेलीन' १९८१ ची, १९८३ ला अकादमी. घरासाठी कुवेतला आया म्हणून जाणारी बाई. आज गल्फला जाणाऱ्या बायका आमच्याही गावात आहेत, त्यामुळे ही जुनी झालेली नाही. मावजो तिच्या वागण्याचा निवाडा करत नाहीत, तिला पाठीशीही घालत नाहीत, शेजारच्या खोलीतून ऐकू यावं तसं सगळं ऐकू येत राहतं. काही ठिकाणी योगायोग जुळवून आणल्यासारखे वाटले, तेवढं सोडता माझी या फेरीतली सगळ्यात आवडती. परदेशात नर्सिंगचं काम करून आलेल्या एका ताईंना वाचायला दिलीये, त्यांचं कार्ड यायचंय.

२० जुलै

यादी पक्की करून समितीकडे दिली. 'रिंगाण', 'उसवण', 'कार्मेलीन' यांच्या दोन दोन प्रती, बाकीच्यांची एकेक. रॅकही मंजूर. काकांचं कार्ड त्यांनी स्वतःच्या अक्षरात परत लिहून आणलं, आधीचं त्यांना गिचमिड वाटलं होतं. टेलरमामा म्हणतात मी कार्ड लिहिणार नाही, माझ्या खुणा आहेत तेवढ्या पुरेत, तेव्हा ती खडूच्या खुणांचीच प्रत वाचनालयात ठेवणार आणि माझ्यासाठी नवीन घेणार. खडू उडून जाऊ नये म्हणून त्या खुणांवर पेन्सिल फिरवून घ्यायचीय.

पुढच्या फेरीसाठी पुंडलीक नाईक यांची 'अच्छेव' ठरलीये, १९७७ ची, खाणींनी गाव कसा पोखरला त्याची. सांग्यात ही वाचायला देणं सोपं नाही. इथं ट्रक होता, खनिज वाहणारी बार्ज होती, खाणीवर पगार होता अशी घरं शेजारीशेजारी आहेत, २०१२ ला खाणी थांबल्या आणि २०१८ ला पुन्हा थांबल्या तेव्हा ज्यांचे हप्ते थकले तीही माणसं वाचनालयात येतात, आणि ज्यांच्या शेतात लाल गाळ आला तीही. दोन्हीकडच्या एकेकाला प्रत द्यायची, वाचून झाल्याशिवाय एकमेकांशी पुस्तकाबद्दल बोलायचं नाही असं सांगायचं, आणि दोघांची कार्डं शेजारीशेजारी चिकटवायची. माजी ट्रकमालक एक जण तयार झालेत. शेतकरी शोधते आहे.